अर्धी झोप

झोपेच्या बाबतीत कुंभकर्णाखालोखाल मला हेवा वाटतो तो उत्तरेकडच्या फर सीलचा. अलास्काजवळ बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ नावाची बेटं आहेत. उन्हाळ्यात हे सील तिथल्या खडकांवर येतात, वितात, भांडभांड भांडतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास पाण्यात उतरतात. माद्या मग कित्येक महिने जमिनीला पाय लावत नाहीत. पिल्लं तर जेमतेम चार महिन्यांची असतात, तीही आपापली निघतात.

मग झोपायचं कुठे? पाण्यातच, अर्ध्या मेंदूने. कुशीवर पडायचं, पायांची तीन वल्ही हवेत धरायची आणि पुढचं एक पाण्यात सोडून संथ हलवत राहायचं. अंगावरची लव इतकी दाट की पाणी कातडीला शिवत नाही. वल्ही मात्र उघडी, म्हणून ती वर, नाहीतर ऊब तिथूनच गळायची. वल्हं मारणारा अर्धा मेंदू जागा, उरलेला ढाराढूर. पाण्याकडचा डोळा मधूनच किलकिला होतो, कारण शार्क सहसा खालून येतो. तोंडावर पेपर घेऊन आरामखुर्चीत घोरणारे आजोबा रेडिओ बंद करताच ‘ऐकतोय मी!’ म्हणतात, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवावा असं वाटायला लागतं.

ओलेग ल्यामिन, जेरोम सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला ज्या झोपेत ठळक स्वप्नं पडतात, ती ‘रेम’ झोप हे सील पाण्यात असताना जवळजवळ सोडूनच देतात. दोन-दोन आठवडे! आणि जमिनीवर परतल्यावर ही थकबाकी वसूलही करत नाहीत. आम्ही एका जागरणापायी अख्खा रविवार लोळून काढतो.

जमिनीवर मात्र ते बहुतांशी आपल्यासारखेच, सबंध मेंदूने झोपतात. इथे मला निसर्गाचा हिशेब जरा चुकल्यासारखा वाटतो. पहाऱ्याची खरी निकड असते ती किनाऱ्यावरच्या नराला. मादीच्या चौपट-पाचपट वजनाचा हा गृहस्थ आपली चार हात जागा आणि तिच्यावरचा जनानखाना राखत दीड-दोन महिने उपाशी बसतो. माद्या मासे खायला समुद्रावर जाऊन येतात. हा उठला तर जागा गेली. एवढ्या राखणीत बिचाऱ्याचा डोळा लागलाच, तर पूर्ण लागतो, आणि शेजारी तेवढ्यात हातभर आत सरकतो.