वाटेतच आहे की!

प्रत्येक भावकीत सहलीची आखणी करणारा एक गृहस्थ असतो. तुमच्याकडचा कोण, हे तुम्हाला सांगायला नको. वाचता वाचताच त्याचा फुगलेला शर्टाचा खिसा तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल. त्या खिशात चार घड्यांचा वहीचा कागद, कागदावर डावीकडे गावं, उजवीकडे वेळा आणि मधे बाण. रस्ता कितीही वाकडा असला तरी बाण सरळ. या जातीचा अर्धापुरातला नमुना घेऊ, कारण तिथे ती फार जोमाने वाढते. अर्धापूर नांदेडच्या उत्तरेला, नागपूरच्या महामार्गावर. तिथून हैदराबादला जायचं तर दक्षिणेकडे तोंड करावं, नांदेड, नायगाव, देगलूर करत राज्याची सीमा ओलांडावी, तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर काम संपतं. हा गृहस्थ मात्र पहिला थांबा लिहितो वारंगा फाटा. खिचडीसाठी. वारंगा फाटा उत्तरेला आहे, म्हणजे हैदराबादकडे पाठ करून निघायचं, हे कुणी नजरेला आणून दिलं तर तो चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, ‘‘वाटेतच आहे की!’’

या खेपेचं निमित्त गोल्फ. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, आणि जावईबापू कंपनीत अशा पायरीला पोचलेले, की जिथली माणसं रविवारी सकाळी गोल्फ खेळतात. अर्धापुरात त्याची सोय नाही. पुण्यात येरवड्याला आहे, खारघरला सिडकोने केलंय. नाशिकला तर ‘गोल्फ क्लब मैदान’ याच नावाने लोक ओळखतात असं मैदान आहे, फक्त तिथे क्रिकेट चालतं, रणजीचे सामने होतात. एवढ्या कारणासाठी आमच्या आखणीवाल्याने नाशिक सोडलं नव्हतं. त्र्यंबकेश्वर आणि वणी वाटेतच होती. पण निजामाच्या जुन्या मुलखातल्या माणसाला मोठं शहर म्हटलं की हैदराबादच आठवतं. 1948 साली संस्थान गेलं, 1956 साली राज्य बदललं, तरी मोठा दवाखाना, मोठी खरेदी आणि मोठी बिर्याणी यांचा पत्ता बदललेला नाही. शिवाय तिथलं एक मैदान चक्क गोवळकोंड्याच्या किल्ल्यात आहे, अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळात वाढवलेल्या नया किल्ल्याच्या तटाआड. आत ‘हातियां का झाड’ म्हणून आफ्रिकेतून आलेली, खोलीएवढ्या बुंध्याची जुनाट गोरखचिंच उभी आहे. किल्ला, झाड आणि जावयाची हौस एकाच तिकिटात. आखणीवाल्याला याहून काय हवं?

कागदावर जे उतरलं ते असं. पहाटे पाचला निघून वारंग्याची खिचडी-भजी. उलटं फिरून नांदेड, सचखंड गुरुद्वाऱ्यात दर्शन आणि लंगर. तिथून माळेगावचा खंडोबा, मग कंधारचा किल्ला. दोन्ही ‘वाटेतच’, म्हणजे वाटेच्या पश्चिमेला. कंधारला आलोच तर उदगीर काय लांब? 1760 साली मराठ्यांनी निजामाला जिथे नमवलं तो किल्ला जावयाने बघितलाच पाहिजे. उदगीरपर्यंत गेलो आणि निलंगा राईस न खाता परतलो तर लोक हसतील. निलंग्याहून खरोशाची लेणी, लेण्यांवरून उजनीची बासुंदी, आणि बासुंदी पोटात गेल्यावर तुळजापूर ‘वाटेतच’ येतं. माहूर परतीला ठेवलंय. ते अर्धापूरच्या ईशान्येला आहे, पण रेणुकामातेपुढे दिशांचा काय पाड? देगलूरजवळ होट्टलची चालुक्यांच्या काळातली सुंदर मंदिरं आहेत, ती मात्र या रस्त्यावर खरोखर वाटेत असल्यामुळे यादीतून राहून गेली. आणि या सगळ्याच्या मधे, दुसऱ्या पानावर, छोट्या अक्षरांत: रविवार, सकाळी 6 ते 7, गोल्फ. अठरा होल खेळायला चार तास लागतात, हे जावईबापूंनी फोनवर सांगितलं होतं. आखणीवाल्याने हिशोब करून ठेवलाय: होलमागे तीन मिनिटं, झाली चोपन्न, उरलेली सहा फोटोला.

हसणं सोपं आहे. पण माझं म्हणणं असं, की या माणसाला भूगोल येत नाही हे निदान चुकीचं आहे. त्याला प्रत्येक फाटा, फाट्यावरची टपरी आणि टपरीवाल्याचं सासर ठाऊक असतं. त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे: आमच्याकडे सहल स्वतःच्या नावाने घराबाहेर पडत नाही. ती दुसऱ्या कामाच्या पोटात लपून जाते. माळेगावची यात्रा बघा. मार्गशीर्षात माणसं खंडोबाला म्हणून निघतात; दर्शन पाच मिनिटांचं, बाकी वेळ घोड्यांच्या बाजारात दात मोजण्यात, कुस्तीच्या फडाभोवती आणि तमाशाच्या कनातीत जातो. तुळजापूरचा नवस फेडायला निघालेली जीप नळदुर्गाचा धबधबा बघून परतते. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन हैदराबादला ठरलं, की बरोबर सात माणसं जातात, आणि त्यातली सहा सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळासमोर ठोके पडायची वाट बघत बसलेली सापडतात. नुसतं ‘फिरायला गेलेत’ असं कुणाबद्दल म्हटलं, तर आवाजात ‘कर्ज काढलंय’ याचा सूर असतो. ज्या मुलखात एका वर्षी पाऊस पाठ फिरवतो, दुसऱ्या वर्षी गारा पडतात आणि तिसऱ्या वर्षी भाव पडतो, तिथे मौजेला परवाना लागतो. देव, दवाखाना, कोर्ट, लग्न, हे ते परवाने. एकदा परवाना मिळाला, की वाटेत जे जे मावेल ते घालून घ्यायचं, कारण पुढचा कधी मिळेल कोण सांगणार? ‘वाटेतच आहे की’ हे अंतराचं विधान नाहीच. घरातल्या कर्त्या बाईला आणि गावातल्या चौकस माणसांना दिलेलं ते स्पष्टीकरण आहे.

यावर कुणी म्हणेल, याला एवढं समाजशास्त्र कशाला, माणूस खादाड आहे आणि डिझेल दुसऱ्याचं आहे. खादाड आहे, मान्य. यादीतल्या प्रत्येक स्थळाला एक पदार्थ चिकटवलेला आहे, आणि कधीकधी पदार्थ आधी ठरून मग स्थळ शोधलंय असाही संशय येतो. पण नुसतीच जिभेची हौस असती तर गाडीत घरचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची कळशी ‘लागली तर असावीत’ म्हणून कशाला निघाली असती? उजनीच्या बासुंदीची पहिली वाटी तो जावयापुढे सरकवतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. स्वतःची वाटी तोवर तशीच. त्याला खाण्यापेक्षा खायला घालण्यात रस आहे, आणि आपल्या मुलखात दाखवण्याजोगं काहीतरी आहे, हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. दुसरा आक्षेप तरुणांचा: फोनमध्ये नकाशा आहे, तो बरोबर रस्ता सांगतो, मग हा कागद कशाला? नकाशा सर्वांत जवळचा रस्ता सांगतो हे खरं. पण निलंग्याचा भात नकाशाला ठिपका म्हणूनच माहीत. तो कुणाकडे, किती वाजता संपतो आणि आधी फोन केला तर राखून ठेवतात का, हे त्या कागदावर असतं. नकाशावाला माणूस हैदराबादला पाच-सहा तासांत पोचतो, आणि हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: अरे, पण गोल्फचं काय? ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला एक तास? इथे गोल्फचाच थोडा पूर्वेतिहास काढावा लागतो. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे फिरू लागले होते. म्हणजे तिथेही मौज उजळ माथ्याने फिरत नव्हती. भारतात साहेबाने 1829 साली कलकत्त्यात क्लब काढला, तेव्हापासून तिला सभ्य परवाना मिळाला. आज त्या हिरवळीवर कंपन्यांचे सौदे ठरतात असं सांगतात, म्हणजे खेळ पुन्हा कामाच्या पोटातच. आणि खेळाची रचना तरी काय आहे? चेंडू सरळ भोकात जाऊ नये म्हणून मधे मुद्दाम वाळूचे खड्डे, तळी, झाडं. सहा-सात किलोमीटर चालायचं, आणि गंमत सगळी मधल्या आडवळणांची. हा खेळ आखणीवाल्याला कुणी नीट समजावून सांगितला, तर तो वाळूच्या खड्ड्याकडे बघून काय म्हणेल हे मी लिहीत नाही. कॉलरचा टीशर्ट हवा, चपला चालत नाहीत, हे बहुतेक क्लबांचे नियम त्याने मात्र बिनतक्रार लिहून घेतलेत. देवळातही चपला चालत नाहीत.

त्याची खरी गफलत पुढे आहे, आणि तिथे त्याची बाजू घेता येत नाही. गोल्फची चौकशी करता करता त्याच्या डोक्यात येतं, की मैदान आपल्याकडेच का नको? इसापूरचा कालवा आहे, जमीन काळी आहे, पाहुणे येतील, पोरांना रोजगार मिळेल. शंभर-दीडशे एकर हिरवळ उन्हाळ्यात हिरवी ठेवायला दिवसाला लाखो लिटर पाणी लागतं. शेजारच्या लातूरला 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर होतं, आणि स्टेशनात स्वागताला गर्दी लोटली होती. तेवढं पाणी अशी हिरवळ एका संध्याकाळी गट्ट करील. पण या बाबतीत त्याला एकट्याला तरी का धरा? विकास आराखडे करणारी शिकलेली माणसंही किल्ला, लेणी, देवी आणि धरण एका रेषेत ओढतात, तिला पर्यटन सर्किट म्हणतात आणि मधलं दोनशे किलोमीटरचं अंतर रंगीत चित्राखाली झाकतात. त्यांचंही सगळं वाटेतच असतं. फरक इतकाच, की आमचा गृहस्थ ठरल्या दिवशी पहाटे पाचला खरोखर निघतो.

आणि तो निघतो म्हणूनच त्याच्यावर फार वेळ चिडता येत नाही, हे नाइलाजाने कबूल करावं लागतं. कंधारच्या खंदकाची लांबी-रुंदी सांगताना त्याचा आवाज चढतो, जावईबापू फोनमध्ये बघत ‘हो, हो’ म्हणतात, तरी तो थांबत नाही. त्याच्या यादीत नाही ते एकच गाव, अर्धापूर. केशवराजाची देखणी मूर्ती आहे, कालव्याच्या पाण्यावरच्या केळीच्या बागा आहेत, पण निघण्याचं ठिकाण वाटेत कसं येणार? दुसऱ्यांच्या वाटेत मात्र ते कायम आहे. लातूर-नांदेडकडून नागपूरला जाणाऱ्या गाड्या केळीच्या टपरीपाशी थांबतात, खिडकीतून डझनाचा भाव विचारतात आणि काच वर जाते. त्याचा स्वतःचा मुलगाही कामासाठी याच रस्त्याने जातो. वाटेतच होतं, म्हणतो, पण उशीर झाला होता; चौपदरी रस्ता झाल्यापासून थांबायला सुचत नाही. म्हातारा ‘असू दे, असू दे’ म्हणतो आणि फोन ठेवतो. त्या संध्याकाळी बहुधा नवा कागद घडीला लागतो.

सहल झाल्यावर तो हिशोब लिहितो, तो वाचण्यासारखा असतो. डिझेल, टोल, खिचडी नऊ माणसं, बासुंदी अकरा वाट्या (दोन जावईबापूंनी जास्तीच्या घेतल्या, असा शेरा). मैदानावरची पाहुण्यांची फी एका माणसाची, कारण तिथे जावईच काय ते एकटे खेळले, तेही पाच होल; पुढे निघायची वेळ झाली होती. त्याखाली लिहिलंय: केळी, दोन घड, एक गाडीत, एक पिशव्या उचलणाऱ्या पोरांना. रकमेच्या रकान्यात आकडा नाही. तिथे त्याने लिहिलंय, ‘घरची’.