ॲपसाहेब, मोंढ्यातल्या पट्टीवर सगळं लिहिलेलं असतं

प्रति,
सन्माननीय विमानतिकीट ॲपसाहेब,
मुक्काम पोस्ट माझा मोबाईल.



आपली प्रकृती उत्तम असणारच. दर आठ-पंधरा दिवसांनी आपण स्वतःला अपडेट करून घेता, हे आम्हाला कळत असतं. पत्रास कारण की, आपले आमच्या घरावर फार उपकार झाले आहेत आणि ते समोर बसून सांगावेत तर आपल्याकडे समोर बसणारा माणूस नाही. म्हणून हे उघडं पत्र. चार लोकांनी वाचलं तरी आमची हरकत नाही. वाचावंच.

जळकोट आपल्याला ठाऊक नसेल. लातूर जिल्ह्याचं हे टोक. शीव ओलांडली की नांदेड जिल्ह्यातलं मुखेड. रेल्वे धरायची तर उदगीर गाठायचं, विमान धरायचं तर बहुतेक वेळा हैदराबाद. पूर्वी विमानाचं तिकीट काढायचं म्हणजे शहरातल्या एजंटाच्या दुकानात जाऊन बसावं लागे. तो चहा मागवायचा, कागदावर आकडा लिहायचा आणि खाली रेघ मारायचा. त्या रेघेखाली पुन्हा काही लिहायची त्याची टाप नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दारात उभे राहू शकत होतो. त्या दारापासून आपण आम्हाला सोडवलंत. आभारी आहे.

आमच्या भागाला विमानाची आस लागली ती काही आपल्यामुळे नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं निघाली, त्यात शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही होतं. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसला पाहिजे, असं पंतप्रधान त्या दिवशी बोलले. सुमारे तासाभराच्या प्रवासाला, निम्म्या जागांसाठी, २,५०० रुपयांची मर्यादा ठरली होती. ते विमान चालवणारी ट्रूजेट कंपनी पुढे बंद पडली, नांदेडची विमानं कधी सुरू, कधी बंद असं चालू राहिलं. पण आकडा आमच्या डोक्यात बसला. आपल्यालाही परवडतं, हे लोकांना एकदा कळलं की ते विसरत नाहीत. त्यानंतर आपण आलात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. मायचे गुडघे गेलेले. रेल्वेत एक दिवस, एक रात्र तिला बसवत नव्हतं. मी रात्री जेवण झाल्यावर आपल्याला उघडलं. ४,१९९ रुपये! मोठ्या अक्षरात, हिरव्या रंगात. माय शेजारी बसून म्हणाली, “काय बघलालास रं एवढं?” मी म्हटलं, विमान. ती गप्पच झाली.

आपण मात्र गप्प बसला नाहीत. ‘या दरात फक्त २ जागा शिल्लक’ असं आपण लगेच सांगितलंत. आम्ही दोघंच होतो, आणि नेमक्या दोनच जागा आमच्यासाठी राखून ठेवल्यात, हा आपला मोठेपणा. दोन दिवसांनी शेजाऱ्याच्या फोनवर सहज पाहिलं, तेव्हाही त्या दोन जागा तशाच शिल्लक होत्या.

पुढे गेलो तर दरडोई ३९९ रुपये ‘सुविधा शुल्क’ लागलं. सुविधा कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं. टायपिंग मी केलं, आधार कार्डं मी पाहिली, पैसे भरायला लागणारा ओटीपी घ्यायला गच्चीवर मी गेलो, कारण आमच्या गल्लीत रेंज गच्चीवरच येते. खाली उतरेपर्यंत ‘आपले सत्र संपले आहे’ असं आपण नम्रपणे कळवलंत. तीन वेळा गच्ची चढलो.

मग जागा. मायला पहिल्यांदाच विमानात बसायचं होतं, तिला माझ्या शेजारी बसवायला माणशी ३५० रुपये. नाही भरले तर ‘कुठेही जागा मिळेल’. सत्तरीच्या बाईला कुठेही बसवायची तयारी दाखवल्याबद्दल मी काय बोलावं?

यानंतर विमा आला. २४९ रुपयांचा, खूण आधीच केलेली. ती खूण काढली तेव्हा आपण जे बटण पुढे केलंत, त्यावर लिहिलं होतं, ‘नको, मी माझ्या कुटुंबाचा धोका पत्करतो.’ ॲपसाहेब, यावर मी बराच वेळ थांबलो. माझ्या मांडीला मांडी लावून माय बसलेली. तिच्यासमोर, तिच्या जिवाचा धोका पत्करल्याचं कबूल करून बोट टेकवायचं. जगात किती अक्कल आहे, किती शिकलेली माणसं आहेत. त्यातल्या कुणी तरी पगार घेऊन, खुर्चीवर बसून हे वाक्य लिहिलं असेल. मी विमा घेतला. दोघांचे ४९८. वर कुठल्याशा सत्कार्याला १० रुपये आपण परस्पर घातले होते, ते मला पैसे भरल्यावर दिसले.

८,३९८ चे १०,४०४ झाले. वरचे २,००६ रुपये. आमच्या हिशोबात सांगतो. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. त्या भावानं हे ४१ किलो सोयाबीन होतं, आणि मोंढ्यात तो भाव त्या हंगामात मिळत नव्हता, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच गेलं. मोंढ्याला लोक नावं ठेवतात, आम्हीही ठेवतो. पण माल घातला की हातात पट्टी येते. त्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. पटलं नाही तर पोतं उचलून दुसऱ्या आडतीवर नेता येतं. आपली पट्टी मात्र माल विकून झाल्यावर हातात पडते.

आपल्या या कलांना सरकारनं रीतसर नावंही दिली आहेत, याबद्दल अभिनंदन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा १३ फसव्या पद्धतींना मनाई केली. खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप माल सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, किंमत थेंबाथेंबानं वाढवत नेणं, या सगळ्या त्यात आहेत. त्यांतल्या चार मी एका रात्रीत, एका तिकिटावर मोजल्या. युरोपात तर २००८ पासून नियम आहे, विमानभाड्याची शेवटची रक्कम पहिल्यापासून दाखवायची आणि जादा सेवा गिऱ्हाइकानं स्वतः मागितली तरच जोडायची. तिथली विमानं त्यामुळे जमिनीवर बसून राहिलेली नाहीत.

आता नावाचं. आमच्याकडे जुन्या कागदांवर बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ लिहायची रीत आहे. भ्रतार, म्हणजे नवरा. जमिनीच्या कागदावर तसं, मतदार यादीत तसं, आणि त्यावरून मायच्या आधारवरही तसंच: तिचं नाव, मग भ्र., मग अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव. आडनाव नाहीच. आपल्याला आडनावाशिवाय माणूस चालत नाही आणि टिंबही चालत नाही. शेवटी आपण ‘भ्र’ आणि अण्णांचं नाव एकत्र चिकटवून मायला एक नवं आडनाव दिलंत. लग्नाला बावन्न वर्षं झालेल्या बाईचं हे दुसरं बारसं, नातीच्या आधी.

दुरुस्तीला आपण १,५०० रुपये सांगितले. नंतर वाचलं तेव्हा कळलं, विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं असेल आणि माणूस तोच असून नावातली चूक २४ तासांत दाखवली, तर कंपनीला जादा पैसे घेता येत नाहीत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मध्ये आपण उभे राहिलात, म्हणून ती सवलत आमच्यापर्यंत पोचली नाही. आम्ही पैसे भरले नाहीत. तीन आठवडे घरात एकच चर्चा, मायला आत सोडतील की नाही.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या दारावरच्या जवानानं आधार पाहिलं, मग मायकडे पाहिलं. “जाइए माताजी.” संपलं. तीन आठवड्यांची काळजी एका माणसाच्या एका नजरेत संपली. आत काउंटरवर देगलूरकडची एक पोरगी होती. बोर्डिंग पास मोबाईलवर उघडेना, तर तिनं छापून दिला, आणि मी पाकीट काढलं तर म्हणाली, “ह्याचे पैसे नसतात, काका.” खरंच नसतात. पूर्वी कंपन्या घेत. २१ जुलै २०२२ रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं ते बंद केलं. आपण मात्र मला आदल्या दिवसापासून चार निरोप पाठवले होते, की मोबाईलवर चेक-इन केलं नाही तर गैरसोय होईल. चेहरा दाखवून आत जायची ‘डिजी यात्रा’ ही सोय १ डिसेंबर २०२२ पासून देशात आली, ती ज्याला हवी त्यानंच घ्यायची आहे. ज्याला नको त्याला जवान आहेच, हे आपण एका ओळीत सांगितलं असतं तर मायला रात्री झोप लागली असती.

आणि इथे मी मनापासून आभार मानतो, त्यात काही वेगळं शोधू नका. खिडकीची जागा होती. विमान वर गेलं, आणि मायनं माझा हात दाबला. “ढगं खाली हायत की रं!” जन्मभर जिनं ढगाकडे मान वर करून पाहिलं, पेरणी करावी की थांबावं ते त्याला विचारलं, तिनं ढग खाली पाहिले. दिल्ली येईपर्यंत ती खिडकीला कपाळ लावून होती. हे आपल्याशिवाय झालं नसतं. म्हणूनच बाकीचं सहन होत नाही.

ऑगस्टमध्ये मायच्या त्याच नातीचं जावळ ठरलं. विमान १८ ऑगस्ट २०२५ चं, पुन्हा हैदराबादहून. तिकीट पुन्हा आपल्याकडून, कारण एजंटाचं दुकान आता मोबाईलच्या कव्हरांचं झालं आहे. आदल्या रात्रीचा पाऊस मराठवाडा विसरणार नाही. उदगीर-जळकोटकडे कोसळलेलं पाणी लेंडी नदीला मिळालं आणि मुखेड तालुक्यातली हसनाळ, रावणगाव ही गावं रात्रीत पाण्याखाली गेली. माणसं गेली, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट गेली. आमच्या रस्त्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होतं. पहाटे गाडीवाल्यानं फोन करून सांगितलं, गाडी निघत नाही.

मी गच्चीवर गेलो, रेंज मिळेपर्यंत भिजलो आणि तिकीट रद्द केलं. आपण तत्परतेनं कळवलंत, ‘परतावा : ० रुपये. आपला अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.’

तारे नंतर देतो. आधी हे सांगतो, की सवलतीचं असो की ‘विनापरतावा’, न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. रद्द करण्याच्या शुल्काला मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या वर जाता येत नाही. मध्यस्थाकडून तिकीट घेतलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीची असते, कारण मध्यस्थ तिचाच प्रतिनिधी. हे महासंचालनालयाच्या नियमात लिहिलेलं आहे. आमच्या दोघांच्या तिकिटांत ही रक्कम सुमारे १,९०० रुपये होती. आपण म्हणालात, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, ॲपला विचारा. मी आपल्याला लिहिलं, तर एका मुलीचं नाव लावलेलं यंत्र आलं. ‘मी आपली काय मदत करू शकते?’ मराठीत लिहिलं, तर म्हणाली, समजलं नाही. हिंदीत लिहिलं, तर तिनं मला गोव्याच्या सहलीची सवलत दाखवली. पुराचं लिहिलं, तेव्हा ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असं सांगून ती निघून गेली.

माय विचारत होती, “पूल बुडाला, ह्यात आपलं काय चुकलं?” मी तिला काय सांगू, ते आपण कळवावं.

आपल्याकडे आमचं मागणं मोठं नाही. जो आकडा शेवटी घेणार, तो आधी दाखवा. नकाराच्या बटणावर नुसतं ‘नको’ लिहा. मराठी कळणारा एक माणूस फोनवर बसवा. लातूर-नांदेडकडे शिकून घरी बसलेली पोरं कमी नाहीत, पगार देऊन बघा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, आणि गल्लीत ज्यांची ज्यांची तिकिटं रद्द झाली त्यांच्याकडूनही नोंदवून घेतो आहे. हे आपल्याला आधी सांगितलेलं बरं, कारण न सांगता काही करायची आमची रीत नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
जळकोटचा एक प्रवासी

ता. क. तिकिटाचे पैसे मायच्या खात्यातून गेले होते. १,९०० रुपये पाठवाल तेव्हा त्याच खात्यात पाठवा, आणि नाव बँकेत आहे तसंच लिहा, ‘भ्र.’ आणि त्यापुढच्या टिंबासकट.