डॅशबोर्डमागची बाई

आमच्या फियाटमध्ये गाणी लावायची गरजच काय, हा अण्णांचा सवाल तसा बिनतोड होता. 1968 सालची डिलाइट. सुरू केली की बॉनेटखाली टॅपेट टकटकायला लागतात, चाळीसच्या वर गेलं की क्वार्टर ग्लासमधून शीळ येते, पन्नासला ग्लोव्ह बॉक्सचं झाकण ठेका धरतं आणि साठला स्पीडोमीटरची केबल असा काही सूर लावते की मागे बसलेला माणूस आपोआप पुढची सीट घट्ट धरतो. साठच्या पुढे काय वाजतं, ते अण्णांनी अजून कुणाला कळू दिलेलं नाही.

अण्णा गाडी कानाने चालवतात. मी गाडी फाटकातून आत घेत असताना ते जेवायला बसलेले असले तरी आतूनच ओरडतात, "तिसरा टॅपेट सैल झालाय रे!" आणि तो झालेला असतो. कुकरच्या शिट्ट्या मात्र त्यांना आजवर एकदाही मोजता आलेल्या नाहीत, ही आईची जुनी तक्रार.

गेल्या दिवाळीत आम्ही वाईला गेलो. लेकीने कात्रजच्या आधीच कानात बोळे घातले ते थेट गणपतीच्या घाटावर काढले. बायको म्हणाली, "अहो, या गाडीत गप्पा होत नाहीत, नुसत्या घोषणा होतात." त्याच दिवशी मी ठरवलं, गाडीत गाणं आलं पाहिजे.

तसा रेडिओ होता. डॅशबोर्डखाली पत्र्याच्या पट्टीने टांगलेला, दोन खुंट्या आणि पाच बटणांचा, फक्त मीडियम वेव्हचा. विजेच्या तारांखालून गेलं की खरखरायचा आणि खंडाळ्याच्या घाटात मौन पाळायचा. तीस वर्षांपूर्वी ते मौन कायमचं झालं. पण तो लावला त्या काळी रेडिओला परवाना लागे, पोस्टात दर वर्षी पैसे भरावे लागत, आणि ते पुस्तक अण्णांनी लोखंडी कपाटात अजून जपून ठेवलंय. म्हणजे आमच्याकडे चालणारा रेडिओ नव्हता, पण रेडिओ चालवण्याचा कागद होता.

नवा स्टिरिओ बसवायचा तर त्याला 180 मिलिमीटर बाय 50 मिलिमीटरची खाच लागते. फियाटच्या डॅशबोर्डात अशी खाच नाही, तिथे सरळ पत्रा आहे. तो कापायचा, एवढं मी नुसतं म्हणालो. अण्णांनी पेपर खाली ठेवला. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेजचा दर्जा देणारे नियम काढले तेव्हापासून अण्णांची छाती दोन इंच पुढे आलेली आहे. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको, गाडी मूळ रूपात हवी, ही अट त्यांना तोंडपाठ. वीस हजार रुपये भरून नोंदणी करायची आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' अशी अक्षरं मिरवायची, हे त्यांचं सध्याचं स्वप्न. (खऱ्या जाणकारांच्या लेखी 1930 नंतरची गाडी विंटेज नसतेच. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे.)

"डॅशबोर्ड बॉडीतच येतो," अण्णा म्हणाले.

"पण रेडिओ तरी कुठे मूळचा आहे? तो तुम्हीच 1974 साली लावलात."

"मी लावला म्हणजे मूळचाच."

यावर वरिष्ठ न्यायालय नसल्यामुळे कापाकापीचा विषय तिथेच संपला.

मग मी अभ्यासाला लागलो. या विषयात सल्ला द्यायला प्रत्येक जण मोकळाच बसलेला असतो. शेजारच्या काकांकडे मॉरिस मायनर आहे. त्यांनी हा प्रयोग आधीच केला होता आणि त्यातून धूर निघाला होता. त्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. आजच्या स्टिरिओचा धातूचा डबा म्हणजे निगेटिव्ह. डबा बॉडीला टेकला, आणि काकांची सगळी गाणी एकाच वेळी संपली. आमची फियाट सुदैवाने निगेटिव्ह अर्थची. अण्णांनी ही माहिती आमच्याच खानदानाची थोरवी असल्यासारखी काकांना दोनदा ऐकवली.

पुढचा अडथळा वॉटचा. दुकानातल्या प्रत्येक खोक्यावर '4 × 50 वॉट' असं ठळक छापलेलं. म्हणजे दोनशे वॉट. मागे फ्यूज पाहिला तर 10 अँपिअरचा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर 120 वॉटच्या पुढे गेलं की फ्यूजच राम म्हणणार, मग हे दोनशे येणार कुठून? दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, ते पीक असतं." पीक म्हणजे काय, ते ना त्याने सांगितलं ना मी विचारलं. आमच्या गाडीला तर 120 सुद्धा झेपत नाहीत. डायनॅमोवर चालणारी गाडी ही. सिग्नलला उभी राहिली की डायनॅमोही उभा राहतो, चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो आणि सगळा भार बॅटरीवर. अलका टॉकीजच्या चौकात संध्याकाळी अर्धा तास गाणी ऐकली असती तर पुढचा कार्यक्रम धक्का स्टार्टचा झाला असता.

शेवटी तपकीर गल्लीत एक रेडिओवाले काका भेटले. आमचा रेडिओ त्यांनी दोन्ही हातांत घेतला, जावळ काढायला आणलेल्या बाळाला घ्यावं तसा. म्हणाले, खोका हाच ठेवू, आतलं बदलू. आतली पट्टी बाहेर आली, तिच्यावरचे ट्रान्झिस्टर, कॉइल, तीस वर्षांची धूळ आणि एक मेलेलं झुरळ. तिच्या जागी काडेपेटीएवढा ब्लूटूथचा बोर्ड आणि एक छोटा अँप्लिफायर बसला. डावी खुंटी फिरवली की पूर्वीसारखंच 'कट्ट' करून स्विच लागतो, आणि आवाजही तिनेच कमीजास्त होतो. उजवी खुंटी फिरते आणि लाल काटा इकडून तिकडे जातो, पण त्याच्याशी आता कशाचाही संबंध नाही. कामकाज न करता हजेरी लावणारे असे बरेच काटे मी नोकरीत पाहिले आहेत.

अण्णांना हे पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम लेकीने केलं. "आजोबा, ब्लूटूथ हे नाव एका डॅनिश राजाचं आहे. हॅराल्ड ब्लूटूथ. दहाव्या शतकातला."

"दहाव्या?" अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधीचा! मग चालेल."

राहिले स्पीकर. पुढच्या लांब सीटखाली भरपूर जागा आहे, मी तिथे बसवले आणि परीक्षेसाठी भीमसेन जोशी लावले. अण्णा बसता बसता उठले. "भीमसेनांना बुडाखाली बसवतोस?" मग पायांजवळच्या पत्र्यावर लावून पाहिले. तिथे तर त्यांना लाथ लागण्याचा संभव. अखेर मागच्या काचेखाली प्लायची सुटी फळी कापून तिच्यात दोन लंबगोल स्पीकर बसवले. गाडीला भोक एकही नाही, आणि भीमसेन सगळ्यांच्या डोक्यापेक्षा वर. अण्णा समाधानाने बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पर्वतीला निघालो. गल्लीत चिटपाखरू नाही. मी किल्ली फिरवली, खुंटी कट्ट केली, आणि मागच्या फळीवरून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर!"

समोरच्या वाड्यातला दिवा लागला.

"कोण ही?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही अण्णा. जोडी जमवायला तयार आहे म्हणते."

"लग्नाळू दिसते," अण्णा म्हणाले. "पण वेळकाळ नको का?"

तिचा आवाज कमी करता येत नाही. तो बोर्डातच भरलेला आहे, आणि खुंटी कितीही खाली असली तरी ती आपल्या पट्टीतच बोलते. रेडिओवाले काका म्हणाले, दोनशे रुपयांच्या बोर्डात एवढी बाई येतेच.

खरा घोळ वेगळाच निघाला. गाण्यामागून एक 'कुंई' ऐकू यायची. अॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची. लेक म्हणाली, तानपुरा समजा. पण हा तानपुरा गिअरगणिक पट्टी बदलत होता. मी अर्थची वायर वेगळी काढली, बॉडीचा रंग खरवडून थेट पत्र्याला आवळली. उपयोग शून्य. फिल्टर लावला. कुंई थोडी घरंदाज झाली, एवढंच. अण्णा दोन दिवस मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, भजन ऐकतायत. तिसऱ्या दिवशी स्वारगेटला डोळे उघडून म्हणाले, "डायनॅमोचे कार्बन गेलेत. ठिणग्या पडतायत आत, त्याच ऐकू येतायत."

नाना पेठेतल्या मेस्त्रींनी डायनॅमो उघडला. दोन्ही कार्बन झिजून नखाएवढे उरलेले, आर्मेचर काळंठिक्कर. पॉलिश पेपर मारला, नवे कार्बन घातले, डायनॅमोच्या आउटपुटला एक कंडेन्सर लावला. कुंई गेली. सिग्नलवरचा लाल दिवाही जरा लवकर विझायला लागला. अण्णांनी तेव्हापासून स्पीकरविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. पोटात काय चाललंय ते ऐकायला डॉक्टर नळी लावतात, तसा तो उपयोगी आहे असं ते आल्यागेल्याला सांगतात. गाणी हे त्यांच्या लेखी जोडउत्पादन.

या जानेवारीत शहरातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आम्ही फियाट नेली. परीक्षक होते सत्तरीचे, गळ्यात रुमाल, हातात पॅड. त्यांनी हबकॅप वाजवून पाहिल्या, सीटचं रेक्झिन चिमटीत धरलं आणि खाली वाकून रेडिओवर नजर टाकली. चेहरा उजळला.

"मूळचा?"

"1974 पासून गाडीतच आहे," अण्णा म्हणाले. परवान्याचं पुस्तक त्यांनी खिशातून काढून दाखवलंसुद्धा.

"वा! चालतो?"

मी काही बोलायच्या आत परीक्षकांनी हात घालून खुंटी फिरवली होती. कट्ट. क्षणभर शांतता. मग मागच्या फळीवरून ती बाई, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा स्वरात, जोडी जमवायला तयार असल्याचं सांगून मोकळी झाली.

परीक्षकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"विविध भारती," ते म्हणाले. "निवेदिका नवीन आहे."