श्रीगोंदा ते हैदराबाद, व्हाया श्रीगोंदा

हैदराबादचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, विमानानं या. सव्वा तासाचं तर काम!" भाचा कॉम्प्युटरवाला. त्याचा हिशेब विमानतळापासून सुरू होतो. मामाचा श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडपासून.

विमानतळाच्या बाबतीत आम्ही गरीब नाही. आमच्या जिल्ह्यात शिर्डीचा विमानतळ २०१७ सालीच सुरू झालाय. फक्त तो कोपरगाव तालुक्यात, काकडीला. म्हणजे तो जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आम्ही दक्षिण टोकाला आणि जिल्हा क्षेत्रफळात महाराष्ट्रात पहिला! त्यामुळे घरचा विमानतळ सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, अन् शेजारच्या पुणे जिल्ह्यातला लोहगावचा ऐंशी. घरात दूध असून विरजण शेजारी मागायचं, म्हणून पुणं ठरलं.

विमान दुपारी दोनचं. दोन तास आधी हजेरी, वाघोलीच्या कोंडीचा तास वेगळा. सकाळी सातलाच निघालो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठं निघाला?"

"हैदराबादला."

"मग उलटं कुठं चाललाय?"

खरंच होतं. हैदराबाद पूर्वेला, एसटी पश्चिमेला. शिरूर गेलं, रांजणगावच्या गणपतीला बसूनच हात जोडले, वाघोलीत मात्र चालत जाणारी माणसं आम्हाला मागं टाकून गेली.

विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली. पडद्यावर शंभरभर गोल गोळे पाहून जवान सावध झाला. "ये क्या है?"

"श्रीगोंद्याची लिंबं, साहेब. भाच्यासाठी."

"मिरची नही लाये?" तो गंभीरपणे म्हणाला. "प्लेन को बांध देते."

पुणे-हैदराबाद हवाई अंतर पाचशेच्या आसपास. ताशी आठशेनं उडणाऱ्या विमानाला पाऊण तासही लागू नये. पण वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं सगळं त्यातच. म्हणून सव्वा तास.

उडून दहा-बारा मिनिटं झाली आणि खाली उजनीचं पाणी चमकलं. भिगवणची बाजू! मी डाव्या खिडकीला नाक लावलं. तिकडं, तीसेक किलोमीटरवर, आमचं श्रीगोंदा. सकाळी सातला घर सोडलं होतं. सात तास अखंड प्रवास करून मी घरापासून तीस किलोमीटरवर पोचलो होतो. एवढ्या वेळात कुणी सायकलवर निवांत येऊन, भिगवणला मासे खाऊन परतलाही असता.

पुढचे चारशे किलोमीटर चहा संपेपर्यंत उरकले. मग शमशाबादच्या विमानतळाहून शहर, शहरातून भाच्याची कॉलनी. संध्याकाळी सहाला दार उघडून भाचा म्हणाला, "काय मामा, सव्वा तासात आलात ना?"

"आलो की," मी लिंबांची पिशवी त्याच्या हातात दिली. "वरचे पावणेदहा तास तेवढे विमानात बसायला अन् उतरल्यावर तुझं दार गाठायला लागले."

तिकिटावरची वेळ विमानाची असते. माणसाला किती लागेल, ते एसटीच्या कंडक्टरला विचारून निघावं.