पॅरललला अर्धचंद्र

मशीन व्हाइसमध्ये ड्रिलिंगसाठी जॉब धरताना त्याखालचे पॅरलल जागच्या जागी कसे ठेवावेत, या विषयावर अधिकारवाणीने लिहायला मी सर्वथा लायक आहे. भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये पॅरललला सर्वांत जास्त वेळा ड्रिल मीच मारले आहे.

प्रथम परिचय. पॅरलल म्हणजे कडक करून ग्राइंड केलेल्या पोलादी पट्ट्यांची जोडी. दोन्ही एकत्रच ग्राइंड करतात, त्यामुळे एकाला दुखापत झाली की दुसरा विधुर होतो. त्यांचे काम एवढेच, की जॉब सपाट उचलून धरायचा आणि ड्रिलला खाली उतरायला जागा ठेवायची. 10 मिलिमीटरच्या साध्या ड्रिलचे टोकच 3 मिलिमीटर लांब असते. होल पूर्ण मापाचे पडायला तेवढे खाली जावेच लागते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आमच्या जुन्या व्हाइसचा तळ पाहून जावा. त्याला देवी येऊन गेल्यासारखा दिसतो.

साफसफाई. आधी ब्रश, मग तळहात. डोळ्याला न दिसणारा किस तळहाताला लागतो, आणि चांगलाच लागतो. तो काढायचा चिमटा फर्स्ट एडच्या डब्यात आहे, असे आमच्याकडे म्हणतात. खंडेनवमीनंतर विशेष काळजी घ्यावी. एका वर्षी दसऱ्यानंतरचा पहिला जॉब तिरका गेला तेव्हा पॅरललखाली झेंडूची पाकळी निघाली. ती मशीनची नाही, भक्ताची चूक.

आता मुख्य विषय. पॅरलल सरकतात. जॉब आवळला की पुढचा लोळत आडवा होतो, होल मारताना थरथरत बरोबर ड्रिलच्या वाटेवर येतो. यावर माणसांनी नाना युक्त्या काढल्या आहेत. दोघांच्या मध्ये स्प्रिंग घालून त्यांना जॉला दाबून धरावे. मात्र आरपार होल मारायचे असेल तर ती नेमकी होलखाली येते. त्यापेक्षा खुर्चीच्या गादीतला फोमचा तुकडा बरा, ड्रिल गेला तरी रडत नाही. कोणी लोहचुंबक लावतात आणि मग अख्ख्या शिफ्टचा किस गोळा करत बसतात. मी ग्रीस लावायचो. पॅरलल जॉला असा चिकटायचा, की सासरी आलेल्या जावयासारखा हलायचे नाव नाही.

माझे हे ग्रीस पाहून नाना, म्हणजे माझे वडील, एकदा भडकले. म्हणाले, “अरे, तो हलतोय म्हणजे तुला काहीतरी सांगतोय. त्याचं तोंड कशाला बंद करतोस?”

नानांचे म्हणणे असे, की चुकतो तो सरकता जॉ. हँडल फिरवले की तो पुढे येता येता किंचित वर उठतो आणि जॉबची ती बाजू सोबत उचलतो. म्हणून मागचा, स्थिर जॉकडचा पॅरलल घट्ट आणि पुढचा सैल, असे बहुतेक वेळा सापडते. आधी बेताने आवळायचे. मग नायलॉनच्या किंवा तांब्याच्या हातोडीने जॉबवर ठोकायचे. ‘टण्’ वाजले आणि हातोडी उडाली तर खाली पोकळ आहे. ‘ठक्’ वाजले तर बसला. मग बोटाने दोन्ही पॅरलल हलवून पाहायचे. दोन्ही हलत नसतील तर हँडलवरचा हात काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यांत सोपा आहे आणि तो मला आजवर पाळता आलेला नाही. ठोकून झाले, ‘ठक्’ ऐकले, बोटाने पाहिले, सगळे उत्तम, की माझा हात आपोआप हँडलकडे जातो आणि आणखी पाव फेरा देतो. समाधानासाठी. त्या पाव फेऱ्याने जॉ पुन्हा उठतो, पुढचा पॅरलल सुटतो आणि ठोकाठोकी मातीत जाते. घरीही तेच. बाथरूमच्या नळाचे वायसर माझ्यामुळे जातात. लसणीच्या चटणीची बरणी मी लावली असेल तर ती उघडायला शेजारच्या भाऊंना बोलवावे लागते, आणि तेही हल्ली कुरकुरतात.

अशाच एका पाव फेऱ्यानंतर, पॅरलल पुन्हा न तपासता, मी 12 मिलिमीटरचे होल मारायला घेतले. जॉबमधून ड्रिल सुरेख उतरला. मग कर्रर्र आवाज आला. ड्रिलची धार गेली आणि पॅरललच्या वरच्या कडेला चंद्रकोरीसारखा घास पडला. नाना जागेवरून उठून आले, पॅरलल फडक्याने पुसला, उजेडात धरला. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार.

“वा,” म्हणाले, “अर्धचंद्र दिलास त्याला. आता दुसऱ्यालाही दे. एकटा काय करणार?”

ती जोडी पुन्हा पेटीत गेली नाही. आमच्या शेडची फरशी पुढे उतरती आहे, त्यामुळे ड्रिलचे रॅक डुगडुगायचे. घासाची बाजू खाली करून दोन्ही पॅरलल रॅकच्या पुढच्या पायांखाली सारले. त्याला सात वर्षे झाली. तिथून ते एकदाही सरकलेले नाहीत.