वाफ, भुसा आणि पेन्शन

रात्री साडेअकरा वाजता बायकोनं नवऱ्याला पांघरुणात मोबाइल बघताना पकडलं, ही काही छापण्याजोगी बातमी नाही. बातमी पुढे आहे. हिनं पांघरूण ओढलं, दिवा लावला, चष्मा चढवला (तो माझा निघाला) आणि पडद्यावर पाहिलं, तर तिथे चार पांढऱ्या दाढीवाले म्हातारे एका अगडबंब ओंडक्याभोवती उभे. एकानं दोरी ओढली, कर्कश शिट्टी झाली, वाफेचा लोट उठला आणि ओंडका डुलत डुलत करवतीकडे निघाला.

"हे काय?"

"आरागिरणी. वाफेवरची. कॅलिफोर्नियातली."

"आणि हे तुम्ही लपून बघता?"

तिच्या आवाजात राग असता तर मी सोसला असता. होती ती निराशा. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला व्यसन जडावं तेही लाकडाचं! ती दिवा मालवून कुशीवर वळली आणि अंधारात एवढंच म्हणाली, "आवाज तरी बंद करा. शिट्टी झाली की मला कुकर वाटतो."

आवाज बंद करून आरागिरणी बघणं म्हणजे फोडणीशिवाय आमटी. तरीही बघितली, कारण सुटत नाही. सेबास्टोपोल नावाच्या गावाजवळची ही स्टर्जन्स मिल. रेडवूडचे ओंडके चिरायची. १९६४ साली बंद पडली, पुढे हौशी मंडळींनी झाडून-पुसून, तेलपाणी करून पुन्हा उभी केली. आता वर्षातले मोजके शनिवार-रविवार चालते. त्या दिवशी लोक गाड्या काढून येतात, मुलांना खांद्यावर घेतात आणि एक फळी निघाली की टाळ्या वाजवतात. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत फायली निकालात काढल्या. एकाही फायलीला टाळी पडली नाही.

या यंत्रात एवढं काय आहे, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे: सगळं दिसतं. बॉयलरखाली जाळ, जाळानं पाण्याची वाफ, वाफेनं दट्ट्या, दट्ट्यानं चाक, चाकानं पट्टा, पट्ट्यानं करवत. लहानपणीच्या साखळीच्या गोष्टीसारखं एकाचं शेपूट दुसऱ्याच्या हातात. कुठे अडलं तर कुणामुळे अडलं ते लांबून कळतं. माझ्या मोबाइलमध्ये काय अडतं ते मला कळत नाही, दुकानदारालाही कळत नाही. तो फक्त 'बंद करून चालू करा' म्हणतो. एवढा सल्ला तर आमचे कुलदैवताचे गुरुजीही देऊ शकतील.

त्यात माझा लाडका भाग म्हणजे गव्हर्नर. राज्यपाल नव्हेत. जेम्स वॉटनं १७८८ साली वाफेच्या इंजिनाला जोडलेला. एका उभ्या दांडीला दोन गोळे लोंबतात. इंजिन जोरात धावू लागलं की गोळे गरगरत बाहेर फाकतात आणि त्यांच्या ओढीनं वाफेची झडप मिटत जाते. इंजिन मंदावलं की गोळे खाली येतात, झडप उघडते. ना माणूस लागतो, ना वीज. अतिउत्साह झाला की आपोआप तोंड मिटणारी ही सोय आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन-चार सभासदांना बसवावी, असा ठराव मी मांडणार होतो. सूचक मी झालो असतो, अनुमोदक मिळाला नाही.

आणि काटकसर! ओंडका चिरताना निघणाऱ्या साली, ढलप्या, फळकुटं, भुसा हे सगळं त्याच गिरणीच्या बॉयलरच्या पोटात जातं. म्हणजे लाकूड चिरायला लागणारं सरपण त्या लाकडानंच आणायचं. येणाऱ्या पाहुण्यानं स्वतःच्या चहाचं दूध घेऊन यावं तसं. ही कल्पना पुण्याबाहेर कुणाला सुचली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

खरं तर माझ्या लहानपणी प्रत्येक वाड्यात एक छोटा बॉयलर होताच. त्याला आम्ही बंब म्हणायचो. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राख, बाजूला तोटी, आणि चिंचेनं घासून लखलखीत केलेलं तांबं. नाना पेठेतल्या आमच्या बंबाला खाऊ घालण्याचं खातं माझ्याकडे होतं. भवानी पेठेतलं टिंबर मार्केट पायी अंतरावर. रविवारी सकाळी रिकामं पोतं खांद्यावर टाकून मी वखारीत जायचो. पोतं ढलप्यांचं असेल तर बंबाला, भुशाचं असेल तर शेगडीला.

भुशाची शेगडी ही काय चीज होती ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. पत्र्याचा डबा, खाली कडेला भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडकं तिला टेकवायचं आणि भोवती भुसा ठासून ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडकं अलगद काढून घ्यायचं. आत बोगदा तयार. खालून पेटवलं की तासन् तास शांतपणे धुमसत राहते. बाटली काढताना हात थरथरला तर बोगदा ढासळतो आणि आईचा संयमही. माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं यशस्वी बांधकाम ते. पुढे सदनिका घेतली, तिचं बांधकाम दुसऱ्यानं केलं, म्हणून गळते.

वखारीत वाफ नव्हती, एवढी कबुली द्यायला हवी. एक विजेची मोटर, तिच्यावरून लांबलचक पट्टा, आणि पट्ट्यावर फिरणारी गोल करवत. मिस्त्री ओंडका पुढे सारायचे. आधी करवत गुणगुणायची, लाकडाला दात लागला की किंचाळायची, आणि सागाचा तो तुपकट, कडसर वास घशापर्यंत यायचा. मी पोतं विसरून उभा राहायचो. मिस्त्रींच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती. लहानपणी मला वाटायचं, मिस्त्री व्हायला साडेतीनच लागतात.

वाफेच्या बाबतीत पुण्याच्या नशिबी तसा उशीरच आला. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला, तेव्हा जुन्नरच्या रानातून आलेलं सागवान माणसांनीच चिरलं. अशा कामाची जुनी रीत म्हणजे ओंडका उंच ठेवायचा, एक करवत्या वर, एक खाली, आणि मध्ये लांब करवत. वरचा रेघ बघतो, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो. कचेरीत मी बहुतेक काळ खालच्या बाजूला होतो, त्यामुळे या पद्धतीचा मला सखोल अनुभव आहे. पुढे १८२८ च्या आगीत वाडा सात दिवस जळत राहिला. एवढ्या सागवानात किती वाफ झाली असती, असा हिशेब एकदा मनात आला आणि मी ताबडतोब कानाला खडा लावला. पुण्यात असले हिशेब मोठ्यानं करत नाहीत.

पुणेकरांची लाडकी डेक्कन क्वीन १ जून १९३० ला निघाली ती विजेच्या इंजिनावर. म्हणजे आमच्या राणीला वाफेचा डाग नाही. वाफेसाठी मिरजेकडच्या मीटरगेज गाडीत बसायचं, खिडकीतून तोंड काढायचं आणि डोळ्यांत कोळशाचा कण घेऊन सातारारोडपर्यंत रडायचं. आता वाफेचं इंजिन बघायचं तर मी नातवाला घेऊन कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जातो. नातू वेगवान गाडीकडे बघतो, मी डुगडुगणाऱ्या इंजिनाकडे. बाहेर पडताना नातू म्हणतो, "आजोबा, तुमचं इंजिन हरलं." मी म्हणतो, "ते शर्यतीत नव्हतंच." हे उत्तर मी निवृत्तीनंतर बऱ्याच ठिकाणी वापरतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही अंदमानला गेलो. पुण्याहून अंदमानला जातात ते सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीपुढे सगळे गप्प झाले, मीही झालो. दुसऱ्या दिवशी सहलवाल्यांनी बस एका पुलावरून चॅथम बेटावर नेली आणि जाहीर केलं, "इथे लाकडाची गिरणी आहे. अर्धा तास. ज्यांना स्वच्छतागृहाला जायचंय त्यांनी जाऊन या." चाळीस पुणेकरांपैकी एकोणचाळीस दुसऱ्या कारणासाठी उतरले. १८८३ सालची गिरणी! अंदमानात तेव्हा विजेची मोटर कुठली, वाफेचाच जमाना. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या बाँबनं पाडलेला खड्डा आवारात अजून राखून ठेवलाय. आता करवती विजेवर चालतात, पण पडाउकचा लालबुंद ओंडका चिरताना पाहिला आणि मला थेट भवानी पेठ आठवली. बसवाल्यानं हॉर्न वाजवला, हिनं हाक मारली, शेवटी दोन सहप्रवासी मला आणायला आले. बाँबचा खड्डा पाहायलाही एवढा वेळ कुणी लावला नव्हता, असं त्यांनी रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं.

या आरागिरण्यांवर पूर्वी लोक असे लट्टू नव्हते. लंडनमध्ये चार्ल्स डिंग्लेनं पवनचक्कीवर चालणारी आरागिरणी काढली, तर पोटावर पाय येणार म्हणून १७६८ साली करवत्यांचा जमाव चालून गेला आणि त्यांनी ती मोडून टाकली. आणि आज त्याच इंग्लंडात वाफेची जत्रा भरते, तिकीट काढून लोक ओंडका चिरताना बघतात. आजोबांनी ज्याच्यावर धोंडे घातले त्याला नातू हार घालतात. मधल्या काळात यंत्र काही सुधारलं नाही. फक्त निवृत्त झालं.

हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी माझं व्यसन मला कळलं. चालू यंत्रावर कुणी प्रेम करत नाही. त्याचा आवाज होतो, धूर होतो, ते नोकरी खातं. निवृत्त झालं की तोच आवाज गोड, तोच धूर सुगंधी. साहेब म्हणून मला शिव्या घालणारे कारकून आता लग्नात भेटले की वाकून नमस्कार करतात. वाफेची गिरणी ही आमच्यासारखीच पेन्शनर आहे. वर्षातून मोजके दिवस काम, बाकी वर्ष कौतुक. पेन्शनरांच्या पुण्यात ती नसावी, हा अन्यायच.

साम्य तिथेच संपत नाही. कायद्यानं बॉयलरची ठरावीक मुदतीनं तपासणी होते. आपल्या राज्यात त्यासाठी अख्खं बाष्पके संचालनालय आहे. दाब किती, गळती कुठे, पत्रा झिजलाय का, हे पाहून चालवायचा दाखला मिळतो. मलाही दर नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि त्याआधी डॉक्टर दाब बघतात, गळतीची चौकशी करतात आणि झिजेबद्दल न विचारता सांगतात. फरक इतकाच, की बॉयलरला कुणी 'मीठ कमी करा' म्हणत नाही.

गेल्या महिन्यात देवघराला फळी हवी होती. हिनं ती मोबाइलवर मागवायला काढली होती. मी हट्टानं टिंबर मार्केट गाठलं. जुनी वखार शोधत गेलो. बहुतेक ठिकाणी प्लायवूड, लॅमिनेट, चकचकीत नमुने. एका दुकानाच्या मागे मात्र एक पट्टा करवत चालू होती, आणि बाहेर खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ ऊन खात बसलेले. डावा हात मांडीवर. मी बोटं मोजली. साडेतीन.

ओळख सांगितली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोतंवाला पोरगा! तुला हाकलून हाकलून दमायचो आम्ही. मध्ये उभा राहायचास."

मी गहिवरलो. त्या गहिवरात वाफेपासून चॅथमपर्यंत सगळं सांगून टाकलं. ते ऐकत होते. शेवटी मी विचारलं, "मिस्त्री, ते पट्ट्याचं जुनं मशीन काय चांगलं होतं, नाही?"

त्यांनी डावा हात उचलला, उन्हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बघायला चांगलं होतं."

मी माझी दहा बोटं घेऊन घरी आलो. फळीबरोबर दुकानातल्या पोराकडून एक पिशवी भुसाही मागून घेतला होता. ती हिनं दारातच अडवली.

"याचं काय करायचं?"

बंब १९८० च्या सुमारास मोडीत गेला, शेगडी त्याच्याही आधी. मी म्हणालो, "काही नाही. वास घ्यायचा."

हिनं पिशवीत नाक घातलं. जरा वेळ तशीच उभी राहिली. तिचं माहेर कसब्यातल्या वाड्यातलं, आणि तिथेही शेगडीची बाटली काढायचं काम थोरल्या मुलीकडेच असायचं.

"रात्री ते म्हातारे लावाल तेव्हा," ती म्हणाली, "आवाज राहू दे."