मागून आवाज येत नाही!

सभा सुरू होते. हारतुरे होतात, व्यासपीठावरच्या झाडून साऱ्यांची नावं घेऊन होतात, आणि मग नेते माइकसमोर येतात. पहिली घोषणा. अर्धी ते देतात, उरलेली लोकांनी द्यायची असते. लोक देतात. नेते कानाला हात लावून म्हणतात, "मागून आवाज येत नाही!" पुन्हा घोषणा. "जेवून आला नाहीत का?" पुन्हा घोषणा. तिसऱ्या खेपेला मैदान दणाणतं, नेत्यांचा चेहरा खुलतो आणि भाषण सुरू होतं. घोषणा देवाची असते.

माझं भांडण या एवढ्याच मिनिटाशी आहे.

नेत्याने भाषणात देवाचं नाव घ्यावं का, हा वाद आपल्याकडे भलतीकडेच जातो. एक बाजू म्हणते, धर्म घरात ठेवा. दुसरी म्हणते, आम्हाला आमच्या देवाची लाज वाटावी का? पण महाराष्ट्रात देव घरात बसलाच कधी? तो आळंदीहून आणि देहूहून दरवर्षी पायी निघतो. भाजीवाली भवानी झाली की ती नोट कपाळाला लावते. रिक्षाच्या काचेवर खंडोबा असतो, ट्रकच्या काचेवर सातशे शहाऐंशी असतं. नेता याच वस्तीतून आलेला. त्याने "रामकृष्ण हरी" म्हणून बोलायला सुरुवात केली, कुणी "जय जिनेंद्र" म्हटलं, कुणी बोलता बोलता "इन्शाअल्ला" म्हटलं, तर कुणाचंही काही बिघडत नाही. तो त्याचा नमस्कार आहे. नमस्कार झाला की माणूस मुद्द्यावर येतो.

वदवून घेणं वेगळं. तिथे नेता देवाशी बोलत नसतो, मैदानाची हजेरी घेत असतो. कोण ओरडलं, कोण गप्प राहिलं, हे शेजारी उभा असलेला बघतो. गप्प राहणाऱ्यांत कुणी दुसऱ्या धर्माचा असेल, कुणी देव न मानणारा असेल, कुणी याच देवाची रोज पहाटे पूजा करणारा, पण त्याला मैदानात ओढणं न पटणारा असेल. नजरा तिघांकडेही सारख्याच वळतात. रस्त्याचं काम का रखडलं हे ऐकायला आलेल्या माणसाला आपल्या श्रद्धेचा दाखला आधी द्यावा लागतो. हे मला मान्य नाही. घोषणा माझ्या देवाची असली तरी मान्य नाही.

यात नेत्याचा फायदा सरळ आहे. घोषणेत उत्तर लोकांनी द्यायचं असतं, भाषणात नेत्याने. म्हणून घोषणा लांबते आणि सोयाबीनचा भाव दोन वाक्यांत उरकतो.

गांधीजींचं नाव इथे हटकून निघतं. ते रामराज्य म्हणायचे, मग आम्ही म्हटलं तर काय चुकलं? जरूर म्हणा, पण त्यांच्यासारखं वागूनही दाखवा. एप्रिल १९४७, दिल्लीतली वाल्मीकी वस्ती, संध्याकाळची प्रार्थनासभा. कुराणातल्या आयती सुरू होताच श्रोत्यांतून हरकत येते. बहुसंख्य लोक गांधीजींच्या बाजूचे. एक हाक दिली असती तर हरकत घेणाऱ्याचा आवाज गर्दीत बुडाला असता. गांधीजींनी प्रार्थनाच थांबवली. पुढेही दिल्लीत प्रार्थना सुरू करण्याआधी ते विचारायचे, कुणाची हरकत आहे का? आपल्या रामाचं नाव घेण्याआधी समोरच्या एकट्यादुकट्याला नकाराची मुभा देणारा हा माणूस. त्याचं नाव घेऊन हजारोंच्या नरड्यातून जयजयकार काढायचा हक्क कुणालाही मिळत नाही.

आणखी एक प्रसंग प्रत्येक आमदाराला शपथेआधी वाचून दाखवावा असा आहे. १७ ऑक्टोबर १९४९. संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू आहे. हरि विष्णू कामत उठतात. आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात आलेला, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेला हा सभासद. त्यांची दुरुस्ती अशी, की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराचं नाव घेऊन व्हावी. कामत मनापासून बोलत होते, मतांसाठी बोलत नव्हते. मग विरोध कुणी केला? थानू पिल्लै म्हणाले, मी स्वतः ईश्वर मानतो, पण ही श्रद्धेची सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंना दुःख झालं ते इतका आतला विषय सभेच्या आखाड्यात आणल्याचं. रोहिणी कुमार चौधरी कामाख्येच्या मुलखातले. ते म्हणाले, देवाचं नाव घ्यायचं तर देवीचं का नको? पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं, ईश्वराला मताला टाकायची पाळी आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. बाजूने ४१ मतं पडली, विरोधात ६८.

संविधानाची सुरुवात "आम्ही, भारताचे लोक" अशी राहिली ती या मतदानानंतर. कामतांच्या दुरुस्तीच्या विरोधात उभे राहिलेल्यांत देव मानणारे लोक होते, हे आज मोठ्याने सांगायला हवं. शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवल्या गेल्या. ज्याला हवं त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, नको त्याने गांभीर्यपूर्वक दृढकथन करावं. निवड ज्याची त्याने करायची, मागच्या बाकावरून कुणी ओरडून सांगायचं नाही.

आता संसदेतला जून २०१९ बघा. असदुद्दीन ओवेसी शपथेसाठी निघाले आणि सत्ताधारी बाकांवरून "जय श्रीराम" सुरू झालं. त्यांनी हातानेच, आणखी ओरडा, अशी खूण केली आणि शपथ संपताच "जय भीम"च्या जोडीला "अल्लाहू अकबर" म्हणून ते मोकळे झाले. त्या दोन मिनिटांत सभागृहात देवाचं नाव दोन्हीकडून घेतलं गेलं आणि भक्ती कुणाच्याच मनात नव्हती. तिकडून डिवचायला, इकडून फेडायला. २०२४ मध्ये पुन्हा शपथेच्या मागेपुढे घोषणा जोडल्या गेल्या, तेव्हा कुठे शपथेला काहीही जोडू नये, अशी दुरुस्ती लोकसभेच्या निर्देशांत झाली. खासदारांना शपथ जशीच्या तशी वाचायला लावण्यासाठी नियम करावा लागला!

निवडणुकीच्या मैदानासाठी कायदा आहे आणि तो जुना आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. त्याचं १२३ वं कलम धर्माच्या नावावर मत मागण्याला भ्रष्ट आचरण म्हणतं. त्याचा सगळ्यात मोठा तडाखा बसला तो आपल्या मुंबईतच. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, शिवसेनेचे रमेश प्रभू उमेदवार आणि बाळासाहेब ठाकऱ्यांची भाषणं. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या विधानसभेसाठी ही निवडणूक झाली, तिची मुदत १९९० मध्येच संपली होती. पुढे ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला, पण तो आदेश निघायला १९९९ उजाडलं.

त्याच दिवशी, त्याच न्यायालयात मनोहर जोशींचंही प्रकरण निकाली निघालं. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल, अशा अर्थाचं विधान त्यांनी १९९० च्या प्रचारात केलं होतं. न्यायालयाने या विधानाबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवली, पण ते मत मागणं नव्हे म्हणून जोशी सुटले. तोवर ते मुख्यमंत्री झालेले होते. १९९० च्याच निवडणुकीतलं सांताक्रूझच्या अभिराम सिंग यांचं प्रकरण तर थेट सात न्यायमूर्तींसमोर गेलं. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा कौल आला, की उमेदवाराचाच काय, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. निकाल चोख. लागायला सत्तावीस वर्षं.

एवढी वर्षं लागणार हे ज्याला ठाऊक आहे, तो कशाला घाबरेल?

म्हणून मे २०२३ मध्ये कर्नाटकात पंतप्रधान उघड म्हणू शकले, की मतदान यंत्राचं बटण दाबताना "जय बजरंगबली" म्हणा. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात बजरंग दलाचं नाव आलं होतं, त्याचं हे उत्तर. राजकीय टीकेचं उत्तर राजकीय टीकेने द्यायला काहीच हरकत नव्हती. पण बटण आणि हनुमान एका वाक्यात आले की १२३ व्या कलमात आणखी काय सांगायचं उरतं? कर्नाटकच्या मतदाराने काँग्रेसला १३५ जागा दिल्या, तो भाग वेगळा. त्याच वर्षी मध्य प्रदेशच्या प्रचारात अमित शहांनी भाजपचं सरकार आल्यास अयोध्येत रामलल्लाचं दर्शन फुकट घडवू, असं सांगितलं. उद्धव ठाकऱ्यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून विचारलं, नियम बदललेत का? आणि एप्रिल २०२४ मध्ये आयोगाची नोटीस आली ती त्यांच्याच पक्षाला. पक्षाच्या मशाल गीतातून "जय भवानी" आणि "हिंदू" हे शब्द काढा! आधीच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही, असं ते तेव्हा सांगत होते.

मला ती नोटीस संतापजनक वाटली. तुळजाभवानीचं नाव महाराष्ट्रात शिवाजी महाराजांच्या नावाला जोडून येतं, पोवाड्यात येतं, मैदानात खेळायला उतरणाऱ्या पोरांच्या तोंडी येतं. गीतातला तो जयघोष आयोगाच्या कानाला टोचला आणि पंतप्रधानांनी सांगितलेलं बटण टोचलं नाही? नियम लावायचा तर तो वरून लावा. देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठाला सूट आणि खालच्याला नोटीस, असं करून आयोगाने स्वतःचीच किंमत घालवली. मात्र ठाकऱ्यांनाही एक सांगायला हवं. विलेपार्ल्यात जे झालं ते चूक होतं, असं तुमच्या पक्षाने एकदा तरी म्हटलं असतं, तर आजच्या तक्रारीला वजन आलं असतं.

आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांनीही हसू नये. २०२४ लाच राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाच्या सभांमधून एक घोषणा गावोगाव गेली: "राम कृष्ण हरी, वाजवा तुतारी!" तुतारी वाजवणारा माणूस हे पक्षाचं चिन्ह. घोषणा लोकांना आवडली, पोरांनी रील्स केल्या, एकाही संपादकाला त्यात गैर दिसलं नाही. मला दिसतं. वारीच्या वाटेवर अनोळखी माणूस समोर आला की वारकरी "रामकृष्ण हरी" म्हणतो आणि वाकतो. समोरचाही वाकतो. कोण आधी वाकलं याचा हिशेब नसतो, जात विचारत नाहीत, गाव नंतर विचारतात. या नमस्कारात कुणी कुणाकडे काही मागत नाही. त्याच्या पुढे निवडणुकीचं चिन्ह चिकटवलं की तो नमस्कार मत मागायला लागतो. बजरंगबलीला जो न्याय, तोच विठ्ठलाला लावायला हवा. आपल्याला आवडणाऱ्या पक्षाने केलं म्हणून गोड मानून घ्यायचं असेल, तर कर्नाटकातल्या भाषणावर बोलायचा अधिकार आपण सोडला.

विठ्ठलाचा विषय निघालाच आहे तर पंढरपूरचंही बोलून टाकतो. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात. दर्शनरांगेतल्या एका जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून शेजारी बसायचा मान मिळतो. पूजा आटोपून बाहेर आल्यावर माइक पुढे येतात: विठ्ठलाकडे काय मागितलं? मुख्यमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, उत्तर ठरलेलं. पाऊस चांगला पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे, राज्यावरची संकटं टळू देत. पावसाचं ठीक. पावसासाठी हात जोडणाऱ्या मुख्यमंत्र्याबद्दल मला आदरच वाटेल. पण बळीराजाला सुखी करणं हे विठ्ठलाकडे सोपवलेलं खातं नाही. पीकविम्याचे पैसे वेळेवर मिळावेत, खरेदी केंद्रं वेळेत उघडावीत, अतिवृष्टीचे पंचनामे दाबून ठेवले जाऊ नयेत, हे सगळं मंत्रिमंडळाच्या बैठकीत मागायचं असतं, आणि त्या बैठकीचं अध्यक्षपद त्यांच्याचकडे असतं. माइक धरणाऱ्या पत्रकाराने पुढच्या आषाढीला दुसरा प्रश्न हाच विचारावा: गेल्या वर्षी मागितलं होतं, त्यातलं तुमच्या हातात होतं ते किती केलंत?